शिष्यवृत्तीचा हप्ता येईपर्यंत: कॉलेजात विद्यार्थी मदत कक्ष कसा चालवायचा

प्रवेश जून-जुलैत होतात. मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ भरावे लागतात, खोलीला डिपॉझिट लागतं. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती मात्र अर्ज, छाननी, मंजुरी असे टप्पे पार करत बरेचदा फेब्रुवारी-मार्च उजाडल्यावर खात्यात पडते. मधल्या काळात बाहेरगावची मुलं-मुली कशी दिवस काढतात हे खानावळवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. दोन वेळची मेस एक वेळची होते, मग मासिक सोडून रोजच्या ताटावर येते, मग एक डबा दोघांत जातो. वर्गात यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती फक्त घसरलेली हजेरी.

मदत कक्षाचं काम हे मधले महिने भरून काढायचं. मदत वेळेवर पोहोचली पाहिजे आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागता कामा नये. खालचा प्रत्येक नियम या दोन गोष्टींसाठी आहे. आकडे दीड-दोन हजार विद्यार्थ्यांचं साधं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत.

आधी विचारा, मग खरेदी करा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात एक निनावी चिठ्ठी भरून घ्या. प्रश्न चारच. गेल्या महिन्यात पैसे नाहीत म्हणून जेवण टाळावं लागलं का, किती वेळा? आठवड्यातलं कोणतं जेवण हमखास बुडतं? राहत्या जागी स्वयंपाकाची सोय आहे का? शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का, आणि भरला नसेल तर कशामुळे? चिठ्ठ्या भरताना शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबावं आणि घडी घातलेले कागद पेटीत टाकून घ्यावेत. मोबाइलवरच्या फॉर्मवर मुलांचा भरवसा नसतो. ईमेल नोंदला जाईल या धास्तीने ती सगळं ठीक असल्याचं लिहितात.

दुसऱ्या प्रश्नातून फार उपयोगी माहिती मिळते. पुण्यासारख्या शहरात बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात, त्यामुळे ते जेवण चहा-बिस्किटावर निघतं. दिवाळीच्या सुट्टीत मेस बंद आणि वसतिगृह ओस, पण परतीच्या तिकिटाचे पैसे नसलेली किंवा काम सोडून जाता न येणारी मुलं तिथेच असतात. कक्षाचं वेळापत्रक या खिंडारांवर बेतायला हवं. कॉलेज चालू असतं तेव्हा कक्ष चालू, असं ठेवलं तर गरज सर्वांत जास्त असते नेमकं तेव्हाच दाराला कुलूप असतं.

जेवणाची कुपनं

कॉलेजने स्वतः अन्न शिजवायला घेऊ नये. जागा, परवाना, आचारी, उरलेलं अन्न असा मोठा व्याप मागे लागतो. त्यापेक्षा कॉलेजपासून पायी दहा मिनिटांच्या आतल्या दोन-तीन खानावळींशी करार करा. खानावळीकडे अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालची नोंदणी आहे का ते पाहून घ्या. करार एका पानाचा पुरतो: ताटाचा दर, ताटात काय असेल, पार्सल चालेल का, उपवासाच्या दिवशी काय मिळेल, बिल कधी आणि पैसे कधी. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्यांना संध्याकाळी पार्सल नेता यावं, हेही त्यातच लिहा.

खानावळ बाकीच्या गिऱ्हाइकांना जी कुपनं विकते, तीच विकत घेऊन वाटा. कॉलेजचा शिक्का मारलेली वेगळ्या रंगाची कुपनं छापू नका. तसं कुपन काउंटरवर ठेवलं की रांगेतल्या सगळ्यांना कळतं, आणि मग सर्वांत गरजू मुलगी दुसऱ्यांदा येतच नाही. एकाच खानावळीशी करार केला तरी तेच होतं, ती ‘मदतवाल्यांची मेस’ म्हणून ओळखली जाते.

एका विद्यार्थ्याला महिन्याला २० ताटं, दहा-दहाच्या दोन पाकिटांत. तारीख घालू नका. कुणाला आठवडाभर रोज लागतील, कुणाला महिनाअखेरीस सलग. हिशेब असा: ३० विद्यार्थी, २० ताटं, ताटाला ७० रुपये धरले तर महिन्याला ४२,००० रुपये. आठ महिन्यांचे ३,३६,००० होतात. एवढे पैसे हाताशी नसतील तर १५ विद्यार्थ्यांपासून सुरू करा. ताटं मात्र कमी करू नका. महिन्याला पाच ताटं दिल्याने कुणाची भूक भागत नाही.

बिघडतं ते बहुधा बिलावर. खानावळवाल्याचे पैसे दोन महिने थकले की वरण पातळ होतं, कुपनवाल्यांना शेवटी बसवलं जातं, पोळी मोजून मिळते. त्याचा किराणाही उधारीवरच चालतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. बिल एक आणि सोळा तारखेला घ्या, सात दिवसांत चुकतं करा. कॉलेजच्या लेखा विभागाला तेवढ्या वेळात जमत नसेल तर सुरुवातीलाच पंधरा दिवसांची रक्कम खानावळीकडे आगाऊ जमा ठेवा.

क्वचित कुणी कुपनं विकतो. लगेच कुपनांवर नावं लिहायला धावू नका. बोलवून विचारा. मोबाइलचं रिचार्ज, परीक्षा फी, घरी जायचं भाडं असं काहीतरी अडलेलं असतं. ते सोडवलं की विक्री थांबते.

धान्याचं कपाट

ज्यांच्या खोलीवर शेगडी आहे त्यांना कुपनापेक्षा शिधा परवडतो आणि पुरतो. एका विद्यार्थ्याला पंधरा दिवस, दोन वेळ जेवायला एवढं लागतं:

- कणीक ३ किलो (ज्वारी-बाजरीच्या भाकरीची सवय असेल तर तेवढंच ते पीठ)
- तांदूळ २ किलो
- तूरडाळ ७५० ग्रॅम, मूग किंवा मसूर ५०० ग्रॅम
- तेल अर्धा लिटर
- पोहे ५०० ग्रॅम, शेंगदाणे ५०० ग्रॅम
- साखर ५०० ग्रॅम, चहा १०० ग्रॅम, मीठ, हळद, तिखट, मोहरी-जिरं

‘खोलीवर स्वयंपाकाची सोय आहे का’ हा प्रश्न यासाठीच होता. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत फक्त एका खाटेचं भाडं देऊन राहणाऱ्या मुलाला घरमालक गॅस लावू देत नाही, वसतिगृहात इंडक्शन जप्त होतं. त्याच्या हातात डाळ-तांदूळ देऊन काय फायदा? त्याचं पाकीट वेगळं: भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, दुधाची पावडर, कुरमुरे. कुपनांच्या जोडीला हे रविवार रात्रीसाठी आणि अभ्यासाच्या जागरणासाठी कामी येतं.

खरेदी महिन्याची महिन्याला करा. पावसाळ्यात कणीक महिन्यापेक्षा जास्त टिकत नाही, वास धरते. कडधान्याला भुंगा लागतो. घट्ट झाकणाचे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे डबे, जमिनीपासून वीतभर उंच फळी, भिंतीपासून थोडं अंतर, आणि डब्यावर खरेदीची तारीख. जुना माल पुढे, नवा मागे. लोकांकडून घरातलं धान्य गोळा करण्याची मोहीम टाळा. दहा प्रकारचे तांदूळ अर्धा-अर्धा किलो येतात, निम्म्यात कीड असते, आणि ते निवडण्यात स्वयंसेवकांचे दोन रविवार जातात. त्याऐवजी पैसे घ्या आणि मार्केट यार्डातून घाऊक घ्या.

कपाट ग्रंथालयाजवळ किंवा जिमखान्यात ठेवा, प्राचार्यांच्या केबिनबाहेर नको. वाटप साध्या कापडी पिशवीत, वर काही न छापता. कपाट आठवड्यातून दोन दिवस उघडावं, त्यातला एक दिवस संध्याकाळी साडेपाचनंतरचा असावा, कारण काम करून शिकणारी मुलं तेव्हाच मोकळी होतात. वाटपाचे फोटो काढू नका, अगदी पाठमोरेसुद्धा. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर भरलेल्या कपाटाचा द्या.

सॅनिटरी पॅडही याच हिशेबात मोजा, पण ते कपाटात ठेवू नका. मुलींच्या कॉमन रूममधल्या स्वच्छतागृहात उघड्या फळीवर ठेवा, कुणाला न विचारता घेता येतील असे. नाणं टाकायची यंत्रं महिन्याभरात अडकतात आणि वर्षभर बंद राहतात. झाकणाची कचरापेटी आणि ती रोज रिकामी करणारी व्यक्ती, हे आधी ठरवा.

कुणाला द्यायचं

एक पानी स्वयंघोषणा पुरे. उत्पन्नाचा दाखला मागू नका. तो काढायला सेतू केंद्र आणि तहसीलच्या फेऱ्या होतात, एसटीचं भाडं जातं, आणि तोवर महिना संपतो. शिवाय सातबाऱ्यावर पाच एकर कोरडवाहू असलेल्या घरातूनही महिन्याला पाचशे रुपये येत नाहीत. दर तीन महिन्यांनी बोलून गरज कायम आहे का ते पाहावं.

निर्णय तिघांचा: एक शिक्षिका, एक शिक्षक आणि ग्रंथालयातली एक व्यक्ती. सकाळपासून वाचन कक्षात बसून दुपारी फक्त पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येणारा मुलगा कोण, हे ग्रंथालयाच्या शिपायाला सर्वांत आधी कळतं. वसतिगृहाचे रेक्टर आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी यांनाही नावं सुचवता यावीत. यादी मात्र कुलपात. ती वर्गशिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेली की कक्षावरचा विश्वास संपला.

अडकलेली शिष्यवृत्ती सोडवणं

जेवणाइतकंच महत्त्वाचं काम हे. एक ताट एका वेळेचं असतं, शिष्यवृत्ती वर्षाची असते. आठवड्यातून एक दिवस, संगणक आणि एक जाणकार माणूस घेऊन बसा.

शिष्यवृत्तीसारखे थेट लाभाचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. मुलाने मध्येच दुसरीकडे खातं उघडून तिथे आधार जोडलं असेल तर रक्कम तिकडे जाते आणि तो जुनं पासबुक घेऊन फिरत राहतो. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहणं ही पहिली पायरी.

दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. पुरेशा कागदपत्रांशिवाय उघडलेल्या ‘लहान खात्यात’ एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एक लाखाहून अधिक जमा होत नाही. शाळेत असताना उघडलेली काही खाती याच प्रकारची असतात. बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घेणं, एवढाच उपाय.

तिसरी अडचण कॉलेजातलीच. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर छाननीविना पडून राहतात. दर सोमवारी प्रलंबित अर्जांचा आकडा प्राचार्यांपुढे ठेवा.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना तर या योजना सांगायलाच हव्यात: अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. उपस्थितीची अट असते, म्हणून भुकेपायी हजेरी बुडू देणं दुहेरी महागात पडतं. रोज एसटीने ये-जा करणाऱ्यांना ६६.६६ टक्के सवलतीचा मासिक पास मिळतो. त्याला लागणारं बोनाफाईड त्याच दिवशी, विनाशुल्क द्या.

कमवा आणि शिका

साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. त्याच वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आज विद्यापीठांच्या ‘कमवा आणि शिका’ नावाच्या योजना आहेत, पण अनेक ठिकाणी मानधन तीन-तीन महिन्यांनी मिळतं. मग मुलं केटरिंगच्या रात्रपाळीला जातात, तिथे त्याच रात्री पैसे हातात पडतात. विद्यापीठाचं अनुदान येईल तेव्हा येवो, कॉलेजने स्वतःच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला मानधन द्यावं आणि अनुदान आल्यावर वळतं करून घ्यावं. काम दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नको. कामही शिकण्याजोगं असावं: ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक कक्ष, रोपवाटिका. नुसती झाडझूड नको.

तातडीचा निधी आणि पैशांची व्यवस्था

दवाखाना, घरातला मृत्यू, खोलीवरून अचानक काढलं जाणं, यासाठी ५०,००० रुपये वेगळे ठेवा. एका वेळी ३,००० पर्यंत, दोन सह्यांवर, ४८ तासांच्या आत. रक्कम कर्जाऊ देऊ नका. वसुलीचा प्रश्न आला की कार्यालय हॉल तिकीट किंवा टीसी अडवतं, आणि मदतीनेच मुलाचं शिक्षण थांबतं.

पैसे माजी विद्यार्थी, शिक्षक आणि गावातले व्यापारी देतात. ठरावीक मासिक रक्कम मागा. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा ५०० रुपये देणारी शंभर माणसं बरी, त्यांतून कुपनांचं मासिक बिल निघतं. संस्थेकडे ८०जीची (देणगीवरच्या आयकर सवलतीची) मान्यता असेल तर पावती द्या, आणि २,००० च्या वरची रक्कम रोखीत घेऊ नका, कारण त्यावर देणगीदाराला वजावट मिळत नाही. कंपनीचा सामाजिक निधी (सीएसआर) हवा असेल तर संस्थेची सीएसआर-१ या सरकारी फॉर्मवरची नोंदणी आधी लागते. कक्षासाठी स्वतंत्र खातं उघडा आणि खर्चाचा तक्ता दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा: किती ताटं, किती शिधा, किती रुपये. नावं नकोत.

मार्चच्या शेवटी उरलेला शिधा परीक्षेच्या काळात वाटून कपाट रिकामं करा, डबे उन्हात वाळवा. पुढच्या वर्षीची ताटं जुलैच्या पहिल्या आठवड्यापासूनच लागतात, म्हणून खानावळींचे करार एप्रिलमध्ये करून ठेवा आणि दोन महिन्यांच्या कुपनांची रक्कम खात्यात राखून मगच वर्षाचा हिशेब बंद करा.