फोमचे रिमोट विमान: मोडल्यावर सांधण्याची रीत

फोमचे रिमोट विमान घेताना किंवा घरी तयार करताना ते कधी ना कधी पडणार, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा. वजन कमी असल्यामुळे आदळताना त्याला फटका कमी बसतो आणि जे मोडते ते बहुतेक वेळा घरच्याच सामानाने एका संध्याकाळी सांधता येते. बाल्सा लाकडाच्या विमानाची फासळी न् फासळी पुन्हा बसवावी लागते, तसे इथे नसते. मात्र आपल्या हातातला फोम कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखता आले पाहिजे, कारण एका फोमला जोडणारा डिंक दुसऱ्या फोमला वितळवून टाकतो.

ईपीपी हा सर्वांत चिवट फोम असून तो दुमडला तरी बराचसा पूर्ववत होतो. बाजारातल्या तयार विमानांत आढळणारा ईपीओ त्याहून कडक असतो. जोरात आदळला की तो चेपतो किंवा तुटतो. थर्माकोल म्हणजे ईपीएस आणि पातळ पत्र्यासारखे मिळणारे डेप्रॉन हे दोन्ही स्वस्त व हलके आहेत, पण वाकवताच कटकन मोडतात. फोम ओळखू येत नसेल, तर बॅटरीच्या कप्प्यात आत, दिसणार नाही अशा जागी डिंकाचा एक थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे आणि तिथे खड्डा पडतो का ते पाहावे.

ईपीओ आणि ईपीपी यांना फेव्हिक्विकच्या जातीचा सायनोॲक्रिलेट डिंक चालतो, परंतु थर्माकोल व डेप्रॉन त्याने विरघळतात. त्यांच्यासाठी फोमला चालणारा म्हणून वेगळा मिळणारा डिंक किंवा ॲरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरावा. पंक्चरचे सोल्युशन थर्माकोलच्या जवळही नेऊ नये, आणि स्प्रे पेंटच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. पांढरा फेव्हिकॉल निर्धोक आहे, पण फोम पाणी शोषत नसल्यामुळे दोन रुंद तुकड्यांच्या मध्ये तो दिवसेंदिवस ओला राहतो. ग्लू गन ईपीपीसाठी उत्तम, मात्र त्या सांध्याचे वजन वाढते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला असताना बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचा असा सांधा मऊ पडू शकतो. म्हणून मोटर बसवलेली लाकडी पट्टी गरम डिंकाच्या भरवशावर सोडू नये; तिथे इपॉक्सीच हवा.

प्रत्यक्ष सांधताना घाई केली नाही, तर तुटलेली रेघ शोधूनही सापडत नाही. तुटलेल्या कडेकडे उजेडात निरखून पाहिले की साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटलेले मणी दिसतात. एका तुकड्यावर मणी वर आलेला असेल, तर समोरच्या तुकड्यावर नेमकी त्याच आकाराची खोलगट जागा असते. ही कड घासू नये, कापून सरळ करू नये. काळी माती लागली असेल, तर ती पूर्ण वाळू द्यावी आणि मऊ टूथब्रशने अलगद झटकावी, कारण ओली माती पुसायला गेल्यास ती मण्यांच्या फटीत जाऊन बसते आणि डिंक फोमऐवजी मातीला चिकटतो. वावरात विखुरलेले बारीक तुकडेसुद्धा वेचून आणावेत. आधी डिंक न लावता सगळे तुकडे जुळवून पाहावेत, मगच पातळ थर लावून दाबून धरावे आणि वरून कागदी टेपने बांधून ठेवावे.

पंखासारख्या ताण पडणाऱ्या भागाला नुसता डिंक पुरत नाही. तिथे तुटीच्या आडवी, दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जाईल अशी खाच ब्लेडने पंखाच्या निम्म्या जाडीपर्यंत पाडून तीत कार्बनची काडी बसवतात. आपल्याकडे कार्बनच्या काडीसाठी कुरिअरची वाट पाहावी लागते. पण सुपे-टोपल्या विणणाऱ्या बुरडाकडे बांबूच्या कामट्या सहज मिळतात आणि लहान विमानाला त्या पुरेशा होतात. कामटी बांबूच्या बाहेरच्या, हिरव्या सालीकडच्या भागातली घ्यावी, कारण तिथे तंतू दाट असतात, आणि मध्ये पेर येणार नाही असा तुकडा निवडून तो पूर्ण वाळवावा.

नाक नुसतेच चेपले असेल, तर डिंकाची गरज नसते. ईपीओचा चेपलेला भाग उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवला किंवा त्यावर सावकाश गरम पाणी ओतले, की मण्यांतली हवा प्रसरण पावून तो फुगतो आणि आकार बराचसा परत येतो. त्याआधी मोटर, सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) व रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) काढून ठेवावेत. पृष्ठभाग थोडा खरखरीत होतो, त्याला इलाज नाही. थर्माकोलवर हा प्रयोग करू नये. तो आक्रसून वेडावाकडा होतो.

सोयाबीन निघाल्यावर वावर मोकळे दिसते, परंतु धसकटे उभी असतात आणि तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या खुंटावर उतरलेल्या विमानाचे पोट फाटते. म्हणून पहिल्या उड्डाणाआधीच पोटाला आणि पंखाच्या पुढच्या कडेला तंतूंची पारदर्शक टेप लावून घ्यावी. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि माझ्या मते दुरुस्तीच्या सगळ्या सामानापेक्षा ते मोलाचे आहे. शेपटीला मात्र टेप आणि डिंक हात राखून लावावा: शेपूट तोलबिंदूपासून, म्हणजे ज्या जागी विमान समतोल राहते तिथून, नाकाच्या तिप्पट लांब असेल, तर तिथे वाढलेल्या १० ग्रॅमसाठी नाकात ३० ग्रॅम वजन घालावे लागते.

लिथियम-पॉलिमर बॅटरीला मार बसला असेल, तर ती लगेच चार्ज करू नये. ती विमानातून काढून घरापासून दूर, कडबा-कुटाराचा संबंध नसलेल्या मोकळ्या जमिनीवर काही वेळ ठेवावी आणि फुगली किंवा गरम लागली तर ती पुन्हा वापरू नये.

डिंक पूर्ण वाळल्यावर विमान डोळ्यांच्या रेषेत धरून मागून पाहावे आणि पंख व शेपटीचा आडवा भाग समांतर आहेत याची खात्री करावी; पिळलेला पंख विमानाला एकाच बाजूला ओढत राहतो. मग बॅटरी बसवून, सरळ पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन्ही बोटांवर तोलून धरावे. शेपूट खाली जात असेल, तर बॅटरी पुढे सरकवावी. मोटरवरचा वाकलेला किंवा टवका उडालेला फिरता पंखा बदलावा, कारण त्याच्या थरथरीने नवे सांधे सुटतात. शेवटी सकाळी वारा पडलेला असताना, गवत असलेल्या जागी मोटर बंद ठेवून, नाक किंचित खाली धरून, समोर सरळ सोडावे. विमान न डगमगता लांब तरंगत गेले, तरच मोटर चालू करून उडवावे.