सोपी समीकरणे सोडवताना या चुका टाळा

गिरगावात शिकवणी घेताना सातवी-आठवीच्या वह्या रोज हाताखालून जातात, आणि ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे पाठ केलेले वाक्य मुलांना किती अडचणीत आणते ते दिसते. खरे तर पलीकडे काहीच जात नाही. आपण दोन्ही बाजूंवर, आणि तीही संपूर्ण बाजूवर, एकच व्यस्त (म्हणजे उलट) क्रिया करत असतो.

सर्वांत जास्त गोंधळ क्रमाचा होतो. तीन वडापाव आणि १२ रुपयांचा एक कटिंग चहा मिळून ७२ रुपये झाले असतील, तर एका वडापावची किंमत काढण्यासाठी ती क्ष मानून ३क्ष + १२ = ७२ असे समीकरण मांडावे लागते. परवा एका वहीत याची पुढची ओळ क्ष + १२ = २४ अशी होती आणि उत्तर १२ आले होते. आधी भागायला हरकत नव्हती, पण ३ ने भागायचे तर चहाच्या १२ लाही भागायला हवे होते. बिल करताना वडापावची किंमत आधी तिप्पट केली आणि चहाचे पैसे शेवटी मिळवले; म्हणून उलट येताना चहाचे १२ आधी वजा करावेत, म्हणजे ३क्ष = ६० आणि क्ष = २० हे सरळ मिळते. शेवटच्या क्रियेपासून मागे येण्याची ही रीत भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात व्यस्तविधी म्हणून सांगितली आहे.

−४क्ष = २० येथे कोणी ४ मिळवून २४ लिहितो, तर कोणी वजाचे चिन्ह विसरून ५. क्ष ला −४ ने गुणले आहे, म्हणून −४ नेच भागावे, उत्तर −५. त्याच न्यायाने क्ष ÷ ४ = ८ असल्यास क्ष = ३२.

‘७२ − १२ = ६० ÷ ३ = २०’ अशी एका ओळीतली साखळी मला सर्वांत घातक वाटते, कारण तिचा अर्थ ६० आणि २० समान आहेत असा होतो. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहावी.

ताळा नेहमी मूळ समीकरणातच पाहावा. वरच्या वहीतील क्ष + १२ = २४ या ओळीत १२ बिनतक्रार बसतात; ३क्ष + १२ मध्ये ठेवले की मात्र ७२ ऐवजी ४८ येतात.