कॅसेटची हिस काढावी, पण टाळ शाबूत ठेवून

खानापूरकडच्या पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरतेच. फितीवर पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका. बाकी काय, डेकमधलं फीत वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, फीत एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळा. झालं.

माझ्याकडं येतात त्या बहुतेक भजनी मंडळांच्या कॅसेटी. एका बाजूला अभंग, उलटीकडं कन्नड दासरपदं. आणणारा म्हणतो, ‘सर, ती सूंऽ तेवढी काढा.’ सूंऽ म्हणजेच फितीची हिस. आणि शेजारचा शहाणा म्हणतो, डेकवरचं डॉल्बीचं बटण दाबा की!

डॉल्बी बी म्हणजे हिस पुसायचं फडकं नव्हे. 1968 सालची ही पद्धत रेकॉर्ड करतानाच हळू आवाजातला ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण भाग, उचलून धरते आणि वाजवताना तेवढाच खाली आणते. त्याच्याबरोबर फितीची हिसही सुमारे 10 डेसिबल खाली जाते. रेकॉर्डिंग डॉल्बीत झालंच नसेल, तर बटण दाबून टाळ-चिपळ्या बोथट होतात, दुसरं काही नाही.

मी तोंडावर पडलो ते याच्या पुढच्या पायरीवर. मामांच्या मंडळाची एकादशीची कॅसेट, लेबलवर पेनानं ‘डॉल्बी बी’ लिहिलेलं. बटण दाबलं, तर टाळ गोणपाटात गुंडाळून वाजवल्यासारखे. तीन रात्री ट्रेबल चढवत बसलो. खोट होती हेडच्या कलात, म्हणजे अ‍ॅझिमथमध्ये. रेकॉर्ड केलेल्या डेकचा कल आणि तुमच्या डेकचा कल केसभर जरी जुळला नाही, तरी ट्रेबल कमीच येतो. डॉल्बीला वाटतं आवाज मुळातच हळू आहे, म्हणून ती त्याला आणखी दाबते. एका चुकीची दोन होतात.

म्हणून आधी डॉल्बी बंद. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका; कल चुकला असेल तर दोन्हीकडचा ट्रेबल एकमेकाला खातो, आणि कानाला ते लगेच कळतं. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू शोधा, त्याच्या मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण करा आणि पाव फेऱ्याच्या आतच फिरवा. स्क्रूड्रायव्हर चुंबकाचा नको. टाळ सगळ्यात लख्ख वाजेल तिथं थांबा. डॉल्बी चालू करायची ती आता. गाणाऱ्याच्या आवाजाबरोबर हिस वरखाली श्वास घेऊ लागली, तर डॉल्बी इथली नव्हे, बंद करा. उलटी बाजू दुसऱ्या डेकवर भरलेली असू शकते, तिथं हे सगळं पुन्हा.

मग संगणकात 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर भरून घ्या, सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या खाली राहू द्या. ही कच्ची फाइल कधीही पुसू नका.

उरलेली हिस ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये काढा. तिथं हिसचा नमुना घ्यायचा तो तंबोरा सुरू व्हायच्या आधीच्या एक-दोन सेकंदांतून. तंबोरा वाजत असताना घेतलात, तर सॉफ्टवेअर त्यालाही गोंगाटच समजतं. हिस 6 ते 8 डेसिबल कमी केली की पुरे. मी एकदा हावरेपणानं 24 लावले आणि बुवा विहिरीच्या तळातून गाऊ लागले.

पुढची कॅसेट घालायच्या आधी स्क्रू खुणेवर आणायला विसरू नका.