बाल्डर्स गेट ३ : चौघांची पार्टी आणि २७ पॉइंटांचे वाटप

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने २०२३ मध्ये आणलेला बाल्डर्स गेट ३ हा खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे. या खेळात नवख्या खेळाडूंची बहुतेक कोंडी पात्र तयार करण्याच्या पडद्यावरच होते. प्रत्येक पात्राला थोडेथोडे सगळे यावे, या इच्छेपोटी पॉइंट सहा अॅबिलिटींत (ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप) समसमान वाटले जातात आणि मग चौघांपैकी एकही जण कोणत्याच कामात भरवशाचा राहत नाही. म्हणून पॉइंट वाटताना एक पात्र नव्हे, तर पूर्ण पार्टी (एकत्र फिरणारी चार पात्रे) डोळ्यांसमोर ठेवावी. प्रत्येक पात्राने एक-दोन कामांत तरबेज असावे आणि विविधता चौघांच्या निवडीतून यावी.

आधी हिशेब समजून घेऊ. प्रत्येक अॅबिलिटी ८ पासून सुरू होते आणि वाटायला २७ पॉइंट मिळतात. १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट लागतो, मात्र १४ आणि १५ या पायऱ्यांना प्रत्येकी दोन लागतात. म्हणजे १५ पर्यंत जायला एकूण ९ पॉइंट खर्च होतात. त्यावर एका अॅबिलिटीला २ आणि दुसरीला १ अशी वाढ मिळते. २० बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात प्रत्यक्ष मिळवला जाणारा आकडा, म्हणजे मॉडिफायर, सम संख्येवरच बदलतो. १६ ला अधिक ३ मिळतात आणि १७ लाही तेवढेच. त्यामुळे पुढची योजना नसताना विषम संख्येवर थांबणे म्हणजे पॉइंट वाया घालवणे होय.

खेळातली एक सोबती शॅडोहार्ट हिचे उदाहरण घ्या. ती क्लेरिक (दैवी मंत्र टाकणारा क्लास, म्हणजे पेशा) आहे आणि खेळ तिला स्ट्रेंग्थ १३, डेक्स्टेरिटी १३, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स १०, विस्डम १७ आणि कॅरिस्मा ८ देतो. यांत तीन आकडे विषम आहेत. हेच पॉइंट स्ट्रेंग्थ १०, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १६, इंटेलिजन्स ८, विस्डम १६ आणि कॅरिस्मा १० असे मांडले, तर विस्डमचा मॉडिफायर तोच राहतो आणि डेक्स्टेरिटी व कॉन्स्टिट्यूशन या दोन्हींचा एकेकाने वाढतो. मध्यम वजनाच्या चिलखतात डेक्स्टेरिटीचे सहसा जास्तीत जास्त २ च धरले जातात, त्यामुळे तिला १४ च्या पुढे जाण्याचे कारण नाही. कॉन्स्टिट्यूशन मात्र मनापासून वाढवावे, कारण ब्लेससारखा स्पेल (मंत्र) टिकवून धरताना घाव बसला की एकाग्रतेची परीक्षा याच अॅबिलिटीवर होते. चौथ्या आणि आठव्या लेव्हलला मिळणाऱ्या फीटमधून (खास वाढीतून) विस्डम १८ आणि मग २० करता येते. १७ ठेवणे चूक आहे असे नाही. एखाद्या फीटमधून किंवा पहिल्या अंकात मिळू शकणाऱ्या कायमस्वरूपी वाढीतून एक पॉइंट तिथेच घालायचा, हे आधी ठरलेले असले म्हणजे झाले.

आता पार्टीकडे वळू. चार जागांसाठी चार प्रश्न विचारावेत : बोलणार कोण, कुलुपे आणि सापळे कोण हाताळणार, पुढे उभे राहून मार कोण झेलणार, आणि दुरून स्पेल कोण टाकणार? संवाद सुरू झाल्यावर बोलणारे पात्र बदलता येत नाही, आणि पुष्कळ प्रसंग खेळाडूच्या मुख्य पात्रावरच येऊन ठेपतात. म्हणून मुख्य पात्र बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक किंवा पॅलाडिन यांपैकी, म्हणजे कॅरिस्मावर चालणारे, असावे असे माझे स्पष्ट मत आहे. कुलुपांच्या बाबतीत तरबेज असण्याचा अर्थ आकड्यांतच दिसतो. १५ ची काठिण्यपातळी असलेले, म्हणजे फासा आणि मॉडिफायर मिळून किमान १५ मागणारे, कुलूप डेक्स्टेरिटी १० असलेल्या आणि स्लाइट ऑफ हँड (हातचलाखीचे कौशल्य) न शिकलेल्या पात्राकडून २० पैकी ६ वेळा उघडेल. पहिल्याच लेव्हलचा, डेक्स्टेरिटी १६ असलेला आणि त्या कौशल्यात एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य) घेतलेला ‘रोग’ क्लासचा चोर मात्र अधिक ७ घेऊन २० पैकी १३ वेळा उघडेल. त्यामुळे हे कौशल्य दुसऱ्या कोणाला शिकवण्यात अर्थ नाही. परसेप्शनचे, म्हणजे लपलेल्या गोष्टी हेरण्याच्या कौशल्याचे, तसे नाही. तिथे जवळ असलेले सगळेच आपापला फासा टाकतात, म्हणून ते दोघा-तिघांकडे असलेले चांगले.

विविधतेची आणखी एक बाजू सहज नजरेआड होते, ती विश्रांतीची. दोन लांब विश्रांतींच्या मध्ये दोन छोट्या विश्रांती घेता येतात. फायटरची अॅक्शन सर्ज (एका फेरीत जादा कृती) आणि वॉरलॉकचे स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) छोट्या विश्रांतीत परत येतात, तर विझार्ड आणि क्लेरिक यांना मुख्यतः लांब विश्रांतीची वाट पाहावी लागते. चौघेही दुसऱ्या प्रकारचे असतील, तर दोन लढायांनंतर पार्टी रिकामी होते. म्हणून विझार्ड असलेला सोबती गेल आणि शॅडोहार्ट यांच्यासोबत फायटर लाएझेल किंवा वॉरलॉक विल यांपैकी एक तरी घ्यावा.

एकाच पात्रात दोन-तीन क्लास मिसळायचे असतील, तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फीट पात्राच्या एकूण लेव्हलवर नव्हे, तर सहसा त्या त्या क्लासच्या चौथ्या, आठव्या आणि बाराव्या लेव्हलवर मिळते, आणि खेळाची कमाल लेव्हल १२ आहे. ८ आणि ४ अशी विभागणी केल्यास तीन फीट मिळतात, ९ आणि ३ केल्यास दोनच. शिवाय पाचव्या लेव्हलला लढवय्यांना एका अॅक्शनमध्ये दुसरा वार आणि विझार्डला फायरबॉल (आगीचा स्फोट करणारा मंत्र) मिळतो. त्याआधी क्लास बदलल्यास ही ताकद लांबणीवर पडते. पहिल्यांदा खेळणाऱ्याने पाचव्या लेव्हलपर्यंत एकाच क्लासमध्ये राहावे.

वाटप मनासारखे झाले नाही, तर छावणीतले विदर्स नावाचे पात्र १०० सोन्याच्या नाण्यांत कोणत्याही पात्राचा क्लास आणि पॉइंट नव्याने मांडून देते, आणि हे कितीही वेळा करता येते. तो पहिल्या अंकातल्या पडक्या देवळाखालच्या तळघरात भेटतो, आणि तिथे गाठ पडली नाही तरी पुढे आपणहून छावणीत येतो. सोबत्यांचे क्लास बदलले तरी त्यांची कथा तशीच राहते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला एकदा चौघांचेही आकडे उघडून विषम संख्या शोधाव्यात आणि तेव्हाच दुरुस्त कराव्यात.