जुने अमेरिकन रंगीत फोटो नीट कसे बघावेत

माझी उमेदीची वर्षं पुण्यात कलर लॅबमध्ये प्रिंटिंग करण्यात गेली. लग्नं, मुंजी, सारसबागेत काढलेले वाढदिवस, सगळे रोल डोळ्यांखालून गेले. त्यामुळे फोटो समोर आला की मी चेहऱ्याकडे नंतर बघते. आधी पांढरा शर्ट किंवा करडी भिंत शोधते, कारण रंग कुठे झुकलाय ते तिथेच कळतं. १९४० च्या आसपासच्या साध्या अमेरिकन जगण्याचे रंगीत फोटो बघताना ही सवय फार उपयोगी पडते.

फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या, संकेतस्थळावरून घ्या. फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या माहिती खात्याने १९३९ ते १९४४ या काळात काढून घेतलेले सुमारे १,६०० रंगीत फोटो तिथे फुकट मिळतात, कॉपीराइटची अडचण नाही. मोबाइलवर मात्र बघू नका. सर्वांत मोठी फाइल उतरवून घ्या, कॉम्प्युटरवर उघडा आणि एका बैठकीला एकच फोटो बघा. भराभर पुढे सरकवत गेलात तर सगळे नुसते 'छान' वाटतात आणि एकही लक्षात राहत नाही.

सुरुवात यातले एक फोटोग्राफर जॅक डेलानो यांच्या एका फोटोपासून करा. एप्रिल १९४३, आयोवा राज्यातलं क्लिंटन गाव. पुरुष युद्धावर गेलेले, म्हणून रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं पुसायला बायका लागल्या. त्या विश्रांतीच्या खोलीत जेवायला बसल्यात. अंगात कामाचे जाडेभरडे कपडे, डोक्याला रंगीत रुमाल. हाच फोटो कृष्णधवल असता तर कपड्यावरचा मळ आणि कपड्यावरची सावली एकसारखीच काळी दिसली असती. इथे मळ हा मळ दिसतो. आणि ते रुमाल बघा. दिवसभर तेला-काजळीत हात घालायचे आहेत हे माहीत असूनही सकाळी घरून निघताना कुणीतरी आवडीचा रंग बांधून आलंय. मला या फोटोंची ओढ लागली ती अशा गोष्टींमुळे. इतिहासातली माणसं करडी नव्हती, हे डोळ्यांना पटतं.

मग कोपऱ्यांकडे वळा. टेबल, भिंत, खिडकीतून येणारा उजेड. फोटोग्राफरने मुद्दाम न मांडलेल्या वस्तू बहुधा कडेलाच सापडतात.

उजेड वाचायलाही शिका. यातले बरेचसे फोटो कोडाक्रोमवर आहेत. ही फिल्म १९३५ साली आली आणि तेव्हा तिचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, जेमतेम १० च्या आसपास होता. आम्ही लॅबमध्ये रोज धूत होतो ते रोल १०० नाहीतर २०० चे. इतक्या मंद फिल्मला कडक ऊन हवं, नाहीतर फ्लॅशचा बल्ब, आणि माणसं स्थिर हवीत. त्या फोटोंमधलं गडद निळं आकाश, खोल सावल्या आणि जरा थांबून उभी राहिलेली माणसं यांचं एक कारण हे आहे. रंग इतके टिकले कसे? कोडाक्रोममध्ये रंग तयार करणारी रसायनं फिल्ममध्ये नसायची, ती धुताना घातली जायची, त्यामुळे ती मागे उरून पुढे रंग बिघडवत नसत. अंधारात नीट ठेवलेल्या स्लाइड म्हणूनच अजून ताज्या दिसतात.

एक सावधगिरी. आल्फ्रेड पामर यांचे विमान कारखान्यांतले फोटो देखणे आहेत, पण ते प्रचारासाठी दिवे लावून, माणसं नीट बसवून काढलेले. ते तसेच समजून बघा. माझा जीव रसेल ली यांच्या न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनच्या फोटोंवर आहे. १९४० सालच्या तिथल्या जत्रेत लोकांना राजमा वाढताहेत, तो फोटो गावजेवणाच्या पंगतीइतका ओळखीचा वाटतो. मात्र रंग सुंदर आहेत म्हणून दिवस सुखाचे होते असं समजू नका. मॅरियन पोस्ट वॉलकॉट यांनी १९४१ मध्ये फ्लोरिडातल्या बेल ग्लेडला हंगामी शेतमजुरांच्या झोपड्या अशाच रंगात टिपल्यात. त्या फोटोत आकाशापेक्षा झोपड्यांच्या फळ्यांवर जास्त वेळ थांबा.

डोळा बसला की घरचे अल्बम काढा. आपले कागदी प्रिंट अल्बममध्ये बंद असूनही लालसर होतात, कारण जुन्या कलर पेपरमधला सायान, म्हणजे निळसर-हिरवा रंग, आधी उतरतो. स्कॅन करून लाल कमी करताना आधी पांढरा सदरा पांढरा करा, चेहरे आपोआप बरेचसे ताळ्यावर येतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. आणि त्या अमेरिकन फोटोंखाली असते तशी माहिती लिहा: कोण, कुठलं गाव, कुठला महिना, काय काम चाललंय. मावशी-काका आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारा, मागची लूना कुणाची, दुकानाची पाटी कुठल्या पेठेतली. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतात. पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालायच्या आधी लिहा.