शॉवरला गार पाणी फुल्ल, गरम मात्र करंगळीएवढं: नवीन पंप घ्यायच्या आधी हे बघा

थंडी सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं ओळखीच्यांचा हा एकच प्रश्न सारखा येतोय. पंप लावलाय, गार पाणी जोरात येतंय, गरम पाणी येईना झालंय आणि प्लंबर म्हणतोय अर्ध्याच्या जागी एक एचपीचा पंप घाला. माझं मत आधीच सांगतो. गार पाणी जोरात येत असेल तर पंप चांगला आहे, त्याच्यावर पैसे घालू नका. अडलंय ते गरम लाईनीत, आणि नेमकं कुठं अडलंय ते बादली, मोबाईल आणि एक पाना एवढ्यावर घरीच कळतंय.

यूट्यूबवर पॉवर शॉवर म्हणून जे व्हिडिओ येतात ते बघून गोंधळू नका, ते बहुतेक इंग्लंडकडचे असतात. तिथं न्हाणीतल्या भिंतीवरच्या डब्यातच पंप असतोय, गरम आणि गार दोन्ही पाणी त्या डब्यात येऊन एकत्रच पंप होतंय, त्यामुळं दोन्ही बाजूंना जोर सारखा. आपल्याकडं पंप गच्चीवर टाकीजवळ बसवतात आणि गरम पाणी कुणाचं गीझरचं, कुणाचं सोलरचं, कुणाचं गॅसचं. म्हणजे पंपातनं निघालेली लाईन गरम पाण्यापर्यंत पोचते का नाही हाच आपल्याकडं पहिला प्रश्न.

तर पहिल्यांदा बादली घ्या, दहा लिटरची खूण असलेली. शॉवर राहू दे, खालच्या तोटीला बादली लावा, फक्त गार पाणी पूर्ण सोडून मोबाईलवर वेळ मोजा, मग फक्त गरम. एक मिनिटात बादली भरली तर मिनिटाला दहा लिटर, शॉवरला आठ-दहा लिटर म्हणजे झकास. गार एका मिनिटात आणि गरम तीन-चार मिनिटात असं निघालं तर पुढं वाचा. दोन्ही सारखेच हळू असतील तर टाकी, पंप नाहीतर मेन व्हॉल्व्ह बघायला लागतंय, तो वेगळा विषय. आणि तोटीला दोन्ही चांगलं येतंय, फक्त शॉवरमधनं कमी येतंय असं असेल तर शॉवरची चाळणी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये नाहीतर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा, काम संपलं.

गरम पाणी सोडल्यावर पंपाचा आवाज येतोय का हे पण कान देऊन ऐका, हे लई जण बघतच नाहीत. हे छोटे पंप फ्लो स्विचवर चालू होतात, म्हणजे पाईपमधनं थोडं तरी पाणी वाहिलं की आतला स्विच पंपाला चालू करतोय. गरम लाईन इतकी तुंबली असेल की नुसती धार टिपटिप पडतेय, तर त्या स्विचला कळतच नाही की कुणी नळ सोडलाय, आणि पंप गप्प बसतोय. गारचा नळ सोडला की लगेच सुरू. माणसाला वाटतंय पंप बिघडला. अशा वेळी गरम चालू ठेवून शेजारचा गारचा नळ जरा सोडून बघा, पंप सुरू झाल्यावर गरमचा जोर वाढला तर पंप ठीक आहे, अडथळा गरम बाजूला आहे.

आता गीझरवाल्यांचं. हात लावायच्या आधी एमसीबी (मेन बोर्डातला ब्रेकर) पाडा, नुसतं बटन बंद करून भागत नाही, आणि पाणी गार होईपर्यंत थांबा, साठ डिग्रीचं पाणी अंगावर आलं तर भाजतंय. मग गीझरकडं जाणारा अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा बंद-चालूचा नळ) पूर्ण उघडा आहे का बघा. हसण्यासारखं वाटेल पण गीझर सर्व्हिस करून गेल्यावर तो अर्धाच उघडा राहिलेला असतोय, असं लई घरांत बघितलंय. नंतर दोन्ही कनेक्शन पाईप. वरनं स्टीलची जाळी चकचकीत दिसतेय पण आतली रबराची नळी गरम पाण्यानं फुगून नाहीतर सुटून बोळा होऊन बसते, आणि बाहेरनं काहीच कळत नाही. गरमकडचा पाईप काढून तोंडानं फुंकून बघा, हवा मोकळी जायला पाहिजे. चार-पाच वर्षं झालेला असेल तर सरळ बदला, त्यात विचार करत बसू नका.

कनेक्शन पाईप चांगला निघाला तर गीझरच्या आत जाणाऱ्या तोंडावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. ही वस्तू दोन कामं करते, गरम पाणी उलटं टाकीकडं जाऊ देत नाही आणि गीझरमध्ये दाब वाढला की बारीक छिद्रातनं पाणी सोडून देते. बोअरचं पाणी असेल तर सगळ्यात आधी इथंच घाण बसते. आमच्या शेजारच्या वैनींच्या गीझरचा व्हॉल्व्ह सोडवला तेव्हा आतली पितळी गोळी स्प्रिंगसकट पांढऱ्या-तपकिरी खरानं जाम झालेली, नखानं खरवडलं तर खडूसारखी भुकटी पडत होती, आणि पाणी जायला उरलेली फट काडेपेटीतली काडी पण जाणार नाही एवढी. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात दोन तास ठेवला, गोळी बोटानं दाबली तर परत टुणकन वर येते का बघितलं, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला, पाणी पहिल्यासारखं. गोळी अडकत असेल तर मात्र नवीनच घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. फ्लो वाढवायसाठी काही जण हा सेफ्टी व्हॉल्व्ह काढूनच टाकतात आणि साधा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावतात. करू नका, आणि कुणी करत असेल तर त्याला थांबवा. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की गीझर बंद करणारा भाग) कधी अडकला तर आतलं पाणी तापून दाब वाढतच जातोय आणि तो बाहेर जायला वाट राहत नाही, गीझर फुटतोय. त्याच्या छिद्रातनं पाणी गरम होताना चार थेंब पडत असतील तर ते बरोबर आहे, त्याला एमसील लावून बंद करू नका.

खर फक्त गरम बाजूलाच का बसतो तर पाणी तापलं की त्यातला विरघळलेला क्षार सुटून चुना होऊन बसतोय, आणि साठ डिग्रीच्या पुढं तो वेग लई वाढतोय. बेळगाव शहरात राकसकोप नाहीतर हिडकलचं पाणी ज्यांना मिळतंय त्यांना हा त्रास कमी, कारण ते धरणाचं पाणी, पण पाणी चार-आठ दिवसांनी येतंय म्हणून टाकीत बोअरचं मिसळणारे लई आहेत. अथणी, रायबागकडं बोअरचं मचूळ पाणीच वापरायचं म्हटल्यावर तर विचारायलाच नको. अशांनी थर्मोस्टॅट साठवर ठेवायचा, पंचाहत्तरवर नाही, आणि वर्षातनं एकदा गीझर खोलून आतला चुना काढून घ्यायचा. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड पण बघायला सांगा, तो संपला की टाकीला गंज लागायला सुरू होतंय.

बेळगावातल्या शहापूर, खडेबाजारच्या जुन्या घरांत अजून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप आहेत. अर्ध्या इंची पाईप आतनं गंजून पेन्सिलीएवढा उरतोय. गीझरजवळ पाईप सोडून बादलीत मोजलं तर पाणी भरपूर, आणि न्हाणीतल्या मिक्सरला (गरम-गार मिसळणाऱ्या नळाला) थोडंच, असं निघालं की समजायचं मधला पाईपच गेलाय. तिथं पंप मोठा घातला तर पाणी थोडं वाढेल पण जुना सांधा भिंतीत गळायला लागेल, मग भिंत फोडायचीच आहे तर आधीच सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप) घालून घ्या. साधा पांढरा पीव्हीसी गरम लाईनीला घालू नका, तो मऊ पडून वाकतोय.

मिक्सरच्या आत बघायचं ते गरम बाजूचा स्पिंडल (नळ फिरवल्यावर आत फिरणारा दांडा) आणि त्याचं रबरी वॉशर. गरम पाण्यानं वॉशर फुगतं, नळ पूर्ण फिरवला तरी पाण्याचं तोंड अर्धंच उघडतंय. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी पंप बदललेली माणसं आहेत. मिक्सर भिंतीला बसतो तिथं जाळीचं वॉशर असेल तर ते पण काढून धुवा, पावसाळ्यात गढूळ पाणी येऊन गेल्यावर त्यात लाल माती आणि टेफ्लॉनचे तुकडे सापडतातच.

सोलरवाल्यांची गोष्ट एकदम वेगळी आहे आणि खरं तर हे सगळं मी मुख्य त्यांच्यासाठीच लिहायला घेतलं. कर्नाटकात 2007 पासून नव्या घरांना सोलर वॉटर हीटरचा नियम आला, त्यामुळं बेळगावात टिळकवाडी, अनगोळ, हिंडलग्याकडच्या गच्च्यांवर बघाल तिकडं काचेच्या नळ्यांचे सोलर आहेत. यातले बहुतेक बिनदाबाचे, म्हणजे टाकीला वर एक हवेचा पाईप उघडा ठेवलेला असतोय. याला पंपाची लाईन जोडायची नाही. जोडली तर हवेच्या पाईपमधनं कारंजं उडतंय, आणि तो पाईप तुंबलेला असेल तर टाकीच फुगून शिवण सुटतेय.

म्हणून प्लंबर काय करतात, गारला पंप लावतात आणि सोलरचं गरम तसंच उताराचं ठेवतात. गच्चीवरची टाकी शॉवरच्या वर सहा-सात फूट असली तर जोर जेमतेम 0.2 बार (बार हे दाबाचं माप), दहा फुटाला 0.3 बार धरा. आणि पंपाचा जोर दीड-दोन बार. मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र सोडलं की गार पाणी गरमला परत ढकलतंय, अंघोळ करणाऱ्याला वाटतंय सोलर तापला नाही. ओळखायचं कसं तर दोन्ही नळ सोडून गरमच्या पाईपला हात लावा, तो हळूहळू गार पडायला लागला किंवा वर गच्चीवर हवेच्या पाईपमधनं नाहीतर टाकीतनं पाणी सांडायला लागलं की समजा उलटं चाललंय. सगळं तापलेलं पाणी असंच वाया जातंय. एनआरव्ही लावला तर उलटं जाणं थांबतंय पण गरम काही वाढत नाही, उलट स्प्रिंगचा एनआरव्ही 0.2 बारमधला बराच जोर स्वतःच खातोय. उपाय दोनच. एक तर शॉवरसाठी गारला पण पंपाशिवायची लाईन द्या, धार साधी पण मिसळ नीट होते. नाहीतर सोलरच्या बाहेर पडणाऱ्या लाईनला वेगळा पंप बसवा, गारच्याच जोराचा. तो घेताना लेबलवर किती डिग्रीपर्यंतचं पाणी चालतंय ते वाचा, उन्हाळ्यात सोलरचं पाणी सत्तर-ऐंशीला जातंय आणि साधा पंप त्यात आतनं खराब होतोय. आणि पंप ओढत असताना हवेचा पाईप मोकळा पाहिजे, नाहीतर टाकी आत चेपते.

सोलरमध्ये टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की हवा पण अडकते. नळातनं फुसफुस, थुंकल्यासारखं पाणी आणि मग बारीक धार. भल्या पहाटे, पाणी गार असताना, गरमच्या खालच्या सगळ्या तोट्या सोडून ठेवा. तेवढ्यानं झालं नाही तर मिक्सरच्या तोटीला अंगठा दाबून दोन्ही बाजू सोडायच्या, दहा-पंधरा सेकंदच, पंपाचं गार पाणी हवेला वर सोलरकडं ढकलून देतंय.

तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरवर शॉवर चालवणाऱ्यांना एवढंच सांगतो, तीन किलोवॉटमध्ये वीस डिग्रीचं पाणी पंचेचाळीस करायचं तर मिनिटाला दोन लिटर पण निघत नाही. तिथं बिघाड शोधू नका, पंधरा-पंचवीस लिटरचा घ्या. गावाकडं व्होल्टेज 230 च्या जागी 180 येत असेल तर दोन किलोवॉटचा गीझर सव्वा किलोवॉटच देतोय, पाणी तापायला उशीर होतोय आणि पंप पण मंद फिरतोय, ती पण लाईनीची अडचण नव्हे.

गॅस गीझर पाणी सोडल्यावर चटचट पण करत नसेल आणि सेल ठीक असतील तर बहुतेक पाण्याचा दाब कमी पडतोय, आत जाणाऱ्या तोंडाची जाळी आधी धुवा. पण तो बंद न्हाणीत बसवलेला असेल तर फ्लोचं काम राहू दे, पहिल्यांदा तो बाहेर काढून घ्या. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतोय.