मोजके पाणघोडे सांभाळताना: नर-मादी कधी वेगळे करायचे?

एक नर, एक मादी आणि एक हौद एवढ्यावर पाणघोड्यांना पिल्लं होतात. लहान प्राणिसंग्रहालयाची खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते.

बंदिवासात मादी ३-४ वर्षांतच वयात येऊ शकते. तेव्हा हौदातला एकमेव नर बहुधा तिचा बाप असतो. बाप-लेकीच्या किंवा सख्ख्या भावंडांच्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बापाकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक मिळण्याची शक्यता) २५ टक्के येतो, म्हणून लेक अडीच वर्षांची झाली की नर तिच्यापासून कायमचा वेगळा ठेवा. पाणघोडा ४०-५० वर्षं जगतो; पिल्लाला पुढे कोण घेणार हे लेखी ठरल्याशिवाय जोडी एकत्र सोडू नका.

माजाचे दिवस टाळून भागेल यावर विसंबू नका. माज सुमारे ३ दिवसांचा असतो, समागम पाण्यात होतो, आणि गढूळ पाण्यात तो सहज नजरेतून सुटतो. हौद एकच असेल तर पाळ्या लावा: दिवसा माद्या, रात्री नर, मध्ये दुहेरी दार. नराला संप्रेरक रोखणारी लस देता येते, पण बूस्टरनंतरही शेणातलं टेस्टोस्टेरॉन उतरल्याचा अहवाल येईपर्यंत त्याला वेगळाच ठेवा. खच्चीकरण सोपं नाही: वृषणं जांघेत खोल असतात आणि हात लावताच आणखी आत सरकतात, त्यामुळे सोनोग्राफी यंत्र हाताशी लागतं. भूल देण्याआधी हौद पूर्ण रिकामा करा. डार्ट (लांबून मारलेली भुलीची सुई) लागताच जनावर पाण्याकडे धावतं, आणि पाण्यात भूल चढली तर ते बुडतं.

समागम दिसला तर तारीख लिहून ठेवा. पिल्लू साधारण ८ महिन्यांनी येतं. विण्याच्या महिनाभर आधीच नर हलवा, कारण तो पिल्लाला मारू शकतो. पाणी इतकं उतरवा की पिल्लाला तळाशी उभं राहून नाकपुड्या वर काढता येतील. उतार हवा, उंच पायऱ्या पिल्लाला चढता येत नाहीत. आईजवळ रोजचाच किपर (देखभाल करणारा) राहू द्या, बाकी गर्दी नको.

हौदाचं दुखणं म्हणजे शेण. पाणघोडा पाण्यातच हगतो, त्यातल्या वैरणीच्या काड्या साध्या वाळूच्या फिल्टरला काही तासांत बुजवतात. त्यामुळे आधी जाळीची टोपली, मग फिल्टर, आणि तळाशी रुंद निचरा नळ ठेवा. फिल्टर नसेल तर पाणी वारंवार पूर्ण बदला. मात्र सफाईच्या नावाखाली जनावराला तासन्‌तास कोरड्यावर ठेवू नका; कातडीला भेगा पडतात. तळ खरबरीत सिमेंटचा असेल तर तळपाय सोलवटतात.

चारा वजनाच्या १ टक्क्यापासून सुरू करा: १५०० किलोच्या मादीला १५ किलो वाळलेलं गवत. हिरवं देणार असाल तर चौपट धरा, त्यात पाणीच जास्त. लठ्ठपणा आला की सांधे जातात. पाव, मिठाई अजिबात नको.

तोंड उघडायचं शिक्षण मात्र लहानपणीच द्या, रोज ५ मिनिटं, गजाआडून. सुळे आयुष्यभर वाढतात. वर-खाली एकमेकांवर घासणाऱ्या दातांपैकी एक मोडला की जोडीचा सुळा झिजत नाही आणि ओठात किंवा टाळूत घुसतो. शिकलेल्या जनावराचा असा सुळा भूल न देता कापता येतो. उघड्या जबड्यात प्रेक्षकांनी टाकलेला चेंडू किंवा प्लास्टिकही त्याच वेळी दिसतं.